सेन्सरवरचा भंडारा: एका कॅमेऱ्याच्या घरगुती सफाईचं प्रकरण

भाच्याचा कॅमेरा सोमवतीला जेजुरीला गेला आणि येताना भंडारा घेऊन आला. पुडीत आणला असता तर प्रश्न नव्हता. हा आला होता बॉडीच्या आत, आरशाच्या मागे, थेट सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपवर. तो काढायला आम्हाला दोन रविवार लागले. पहिला रविवार अगदीच वाया गेला असं म्हणणार नाही, पण त्या दिवशी आम्ही काम उलट्या टोकाने सुरू केलं होतं आणि ते कळायला पुढचा मंगळवार उजाडावा लागला. घरी सेन्सर साफ करायचा म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न असतो, ‘लिक्विड कोणतं?’ या प्रकरणात लिक्विडचा भाग सगळ्यात सोपा निघाला. अवघड होतं ते दुसरंच, म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतो आहे.

तक्रार

कॅमेरा चोवीस मेगापिक्सेलचा, एपीएस-सी (पूर्ण फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा, आरसा असलेला डीएसएलआर. सेकंडहँड घेतलेला. सोबत किट झूम, एक ५० मिलिमीटरची लेन्स आणि एक मॅक्रो, म्हणजे बारीक वस्तू अगदी जवळून टिपणारी. भाचा नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी लग्नं, मुंजी, बारशी करतो. सोमवतीला मात्र स्वतःच्या हौसेने गेला होता.

ज्यांनी ती उधळण पाहिली नाही त्यांना कल्पना येणार नाही. अमावस्या सोमवारी आली की खंडोबाची पालखी गडावरून निघते, कऱ्हेवर देवाला स्नान घालतात आणि वाटेत जो तो मुठी भरभरून भंडारा उधळत असतो. येळकोटाच्या गजरात हवाच पिवळी होते. दीपमाळा, पायऱ्या, माणसांचे केस, पापण्या, सगळं एका रंगाचं. अशा ठिकाणी त्याने लेन्स बदलली. दोनदा.

“पाठ वळवून बदलली रे मामा, शर्टाच्या आड धरून.”

शर्टाचा रंग काय होता ते मी विचारलं नाही.

शुक्रवारी रात्री त्याने फोटो पाठवले आणि मागोमाग फोन केला. आभाळाला कांजिण्या आल्यात म्हणाला. खरंच तसंच दिसत होतं. दुपारच्या निळ्या आभाळात करड्या गोल ठिपक्यांची रांगोळी, प्रत्येक फोटोत नेमक्या त्याच जागी. संध्याकाळच्या, उघड्या अॅपर्चरवर काढलेल्या फोटोंत मात्र काहीच नाही.

एरवी मी त्याला सांगितलं असतं, लग्नात एफ २.८ नाही तर एफ ४ वर काम करतोस (हा आकडा लहान तेवढं लेन्सचं भोक, म्हणजे अॅपर्चर, मोठं), सहा महिने बघूसुद्धा नकोस. पण मंगळवारी त्याला एका सराफाकडे दागिन्यांचे फोटो काढायचे होते. पांढरी पार्श्वभूमी, मॅक्रो लेन्स, एफ १६. म्हणजे ठिपक्यांना बसायला याहून चांगला पाट नाही. सर्व्हिस सेंटरला विचारलं तर कॅमेरा जमा करा, चार-पाच दिवसांनी न्या, असं उत्तर. मधे होते शनिवार, रविवार आणि सोमवार.

ठिपके कुठले?

शनिवारी तो कॅमेरा घेऊन आला तोच व्ह्यूफाइंडरला डोळा लावून. “इथेही दिसतायत बघ.” तिथे दिसत होते ते वेगळे. व्ह्यूफाइंडरमधली घाण असते फोकसिंग स्क्रीनवर किंवा आरशावर, आणि ती फोटोत येत नाही, कारण फोटो निघताना आरसा वर उचललेला असतो. फोटोतला ठिपका व्ह्यूफाइंडरमध्ये दिसत नाही, व्ह्यूफाइंडरमधला फोटोत येत नाही. हे माहीत नसल्यामुळे लोक आरसा पुसत बसतात आणि आरशावरचा चकचकीत थर ओरबाडतात. घरच्या आरशासारखा तो काचेच्या मागे नसतो, पुढेच असतो, उघडा. आणि फोकसिंग स्क्रीन असते मऊ प्लास्टिकची, तिला थेंबभर लिक्विड लागलं तरी डाग कायमचा. या दोन्ही गोष्टींना फक्त वारा द्यायचा, हात लावायचा नाही, हे मी त्याच्याकडून वदवून घेतलं.

मग चाचणी. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडलं. आयएसओ १००, एफ २२, फोकस हाताने अनंतावर, लेन्स पडद्यापासून वीतभर अंतरावर. शटर दीडेक सेकंदाचं ठेवून तेवढ्या वेळात कॅमेरा हळूहळू गोल फिरवायचा. हात हलला तर बिघडत नाही, उलट बरंच, पडद्याची जाळी पुसट होते. सेन्सरवरचा कण सेन्सरबरोबरच हलतो, म्हणून तो मात्र ठसठशीत राहतो. तो फोटो संगणकात घेऊन कॉन्ट्रास्ट भरपूर ताणला आणि नऊ चौकोन पाडून मोजले. ७३ ठिपके. एका कोपऱ्यात दोन-तीन एकमेकांना चिकटलेले, ते एक धरले.

एफ २२ वर कांजिण्या आणि एफ २.८ वर चेहरा नितळ, असं का, हे त्याला कागदावर मांडून दाखवलं. आपण ‘सेन्सर पुसतो’ म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात पुसतो ती सेन्सरच्या पुढे बसवलेली फिल्टरची काच. कण त्या काचेवर असतो, पिक्सेल त्याच्या मागे थोड्या अंतरावर. समजा ते अंतर एक मिलिमीटर. एका पिक्सेलवर येणारा प्रकाश शंकूसारखा येतो, आणि काचेपाशी त्या शंकूची रुंदी ढोबळ मानाने अंतराला एफ-आकड्याने भागलं की मिळते. एफ २.८ ला ती निघते ०.३६ मिलिमीटर, एफ २२ ला ०.०४५. आता ०.०५ मिलिमीटरचा एक कण घ्या. एफ २.८ च्या रुंद शंकूत तो जेमतेम दोन टक्के प्रकाश अडवतो, डोळ्याला कळतही नाही. एफ २२ चा अख्खा शंकू तो गिळून टाकतो. चोवीस मेगापिक्सेलच्या या सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ०.००४ मिलिमीटरचा, म्हणजे दहा-बारा पिक्सेल रुंदीचा काळा डाग. ओसरीतल्या दिव्यासमोर बोट धरलं तर सावली रेखीव पडते, ढगाळ दिवशी अंगणात पडतच नाही, तोच प्रकार.

जागा ओळखण्याचीही एक खूण आहे. माउंटकडून, म्हणजे लेन्स बसते त्या तोंडातून, आत बघताना, कॅमेरा सरळ धरलेला असेल, तर फोटोतलं वरचं सेन्सरवर खाली असतं. डावं मात्र डावीकडेच राहतं. आभाळ फोटोत वर, म्हणून आभाळातले बहुतेक ठिपके सेन्सरच्या खालच्या अर्ध्या भागात. टॉर्च मारून पाहिलं तर आतल्या काळ्या भिंतींवर बारीक पिवळी पूड स्पष्ट दिसत होती. म्हणजे निदान पक्कं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ठिपके कडेला जरा उजळ आणि अगदी वाटोळे असते, वाऱ्याने ढिम्म हलत नसते, तर मी शटरच्या तेलाचा संशय घेतला असता. २०१२ साली आलेल्या निकॉन डी६०० चं नाव त्यासाठीच झालं होतं. सेन्सरवर डाग येण्याच्या तक्रारींबद्दल कंपनीने २०१३ मध्ये सूचना काढली आणि त्याच वर्षी डी६१० बाजारात आणला. तसा प्रकार असेल तर घरी कितीही पुसा, महिन्याभरात परत. आमचा चोर मात्र पिवळ्या कपड्यांतच सापडला होता.

हळद हा काही साधा धुरळा नव्हे

नेहमीच्या धुळीत आणि भंडाऱ्यात फरक काय, यावर शनिवारची रात्र गेली. हळदीत तेलाचा अंश असतो, त्यामुळे पूड नुसती बसत नाही, चिकटते. तिचा रंग, म्हणजे कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये झटकन विरघळतो. आणि सेन्सर साफ करायचं चांगलं लिक्विड असतं मुख्यतः मिथेनॉल, म्हणजे अल्कोहोलच. याचा अर्थ कण निघेल, पण रंग सुटून काचेवर पसरेल. एका पुसण्यात काम व्हायचं नाही हे आधीच धरून चालायला हवं होतं.

शिवाय भंडारा म्हणून मिळणारी प्रत्येक पुडी निव्वळ हळदीची असेलच असं नाही, आणि गडावरच्या हवेत भंडाऱ्याबरोबर हजारो पायांनी उडवलेली मातीही होती. हळदीचा कण मऊ, पण वाळूचा कण काचेपेक्षा कठीण. तो स्वॅबखाली, म्हणजे सेन्सर पुसायच्या चपट्या काडीखाली, सापडला आणि आपण ओढला, तर रेघ. म्हणून आधी कोरडं, शेवटी ओलं, हा क्रम इथे अजिबात मोडायचा नव्हता.

भाच्याच्या मित्रांनी सुचवलेले उपाय मी एकेक करून बाजूला ठेवले. पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर: त्याच्या हवेत तेल आणि पाण्याचे तुषार असतात. हवेचा डबा: तिरका झाला तर आतला गार द्रव काचेवर उडतो. तोंडाने फुंकर: थुंकी. कान कोरायच्या कापसाच्या काड्या: तंतू मागे ठेवतात. घरची काच पुसायचा निळा फवारा तर मुळीच नको. त्यात बहुधा अमोनिया असतो, आणि हळदीला क्षार लागला की काय होतं ते कुंकू बनवणाऱ्यांना विचारा. हळद आणि चुना, झालं लाल. भंडारा काढता काढता सेन्सरला कुंकू लावून बसलो असतो.

जेल स्टिकचा, म्हणजे कण चिकटवून उचलणाऱ्या काडीचा, विचार खरंच केला होता. घासत नाही, उचलते, म्हणून या कामाला बरी. पण बाजारात तिच्या नकला इतक्या आहेत, आणि काही चिकट पॅड काही सेन्सरच्या लेपाला चालत नाहीत, की हातात खात्रीची नसताना प्रयोग नको वाटला.

पहिला रविवार

थंडीचे दिवस, हवा कोरडी. निजायच्या खोलीत तासभर आधी ओल्या फडक्याने फरशी पुसली, पंखा बंद, खिडकी बंद. दोघांनीही स्वेटर काढून ठेवले, लोकरीचा तंतू हा हळदीपेक्षा वाईट पाहुणा. टेबलावर धुतलेली सुती चादर. बॅटरी पूर्ण भरलेली. हा मुद्दा लहान वाटतो, पण नाही. आरसा वर धरून ठेवायला कॅमेऱ्याला वीज लागते, मधेच बॅटरी संपली तर आरसा आणि शटर हातातल्या स्वॅबवर आपटतात. बॅटरी कमी असेल तर बरेच कॅमेरे सफाईचा पर्याय उघडूच देत नाहीत ते याचसाठी. आणि सफाईसाठी मेन्यूतलाच पर्याय वापरायचा. काही जण बल्ब मोडवर बटण दाबून धरतात. त्यात सेन्सर चालू असतो, तापतो, धूळ ओढतो, आणि बोट सटकलं की शटर मिटलं.

आधी कॅमेऱ्याची स्वतःची झटकण्याची सोय दहा-बारा वेळा चालवली. सेन्सरपुढची काच सूक्ष्म कंपनं देऊन धूळ पाडायची ही युक्ती ऑलिम्पसने २००३ मध्ये ई-१ या कॅमेऱ्यात पहिल्यांदा आणली, आता बहुतेकांत असते. कोरड्या धुळीला चांगली. भंडाऱ्यावर तिचा परिणाम शून्याच्या आसपास.

मग ब्लोअर. रबराचा, रॉकेटच्या आकाराचा. पहिले दोन-तीन दाब बाहेरच दिले, ब्लोअरच्या पोटातली धूळ आधी निघून जावी म्हणून. कॅमेऱ्याचं तोंड खाली, मी खालून वर वारा देतोय, भाच्याने बॉडी दोन्ही हातांनी धरलेली. नळीचं टोक माउंटच्या कड्याच्या आत जाऊ द्यायचं नाही, एवढा एकच नियम. पंधरा-वीस दाबांनंतर चाचणी: ३१. परत तसंच: २६. तिसऱ्यांदा पुन्हा २६. म्हणजे उडणारं सगळं उडालं, उरलं ते चिकटलेलं.

आता स्वॅब. एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा. त्याला १६ मिलिमीटर रुंदीचा स्वॅब लागतो, म्हणजे एका ओढीत उभी सगळी रुंदी व्यापते. पूर्ण फ्रेमला २४ मिलिमीटरचा. रुंद स्वॅब अरुंद सेन्सरवर दाबून बसवायचा नाही आणि अरुंद स्वॅबने वरखाली दोन पट्टे काढायचे नाहीत, मधे रेघ राहतेच. लिक्विडचे दोन थेंब स्वॅबच्या धारेवर, दहा सेकंद थांबायचं, म्हणजे ओलेपणा सारखा पसरतो. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही, म्हणून बाटली उघडण्यापूर्वी खिडकी फटीएवढी उघडली, देवघरातली समई शांत केलेली होतीच.

डाव्या कडेला स्वॅब टेकवला, किंचित तिरका, बॉलपेनने लिहिताना जेवढा दाब देतो तेवढाच. उजव्या कडेपर्यंत एकच ओढ. उचलला, उलटा केला, दुसऱ्या बाजूने उजवीकडून डावीकडे एक ओढ. संपला. तोच स्वॅब तिसऱ्यांदा लावायचा नाही.

बाहेर काढून उजेडात धरला तर धार फिकट पिवळी. भाचा हसला. मला मात्र आत काय झालं असेल ते दिसत होतं. टॉर्च मारली, उजव्या कडेला चंद्रकोरीसारखी पिवळसर झाक. रंग सुटला होता आणि कडेला जाऊन सुकला होता.

इथे माझी चूक झाली. झाक जावी म्हणून दुसऱ्या स्वॅबवर दोनाऐवजी चार थेंब घेतले. जास्त ओलं म्हणजे जास्त स्वच्छ, हा आपल्याकडचा फरशी पुसण्याचा हिशेब. झाक गेली, पण मागे लिक्विड सुकल्याचे पाणीदार डाग राहिले, चाचणीच्या फोटोत ते ढगासारखे दिसत होते. तिसरा स्वॅब घेतला, या वेळी दीड थेंब म्हणावा इतकाच. स्वॅब निघाला पांढरा. डाग गेले. चाचणी: ५. पाचही फिके, कडेचे.

भाचा म्हणाला, अजून एक मारू या. मी बाटलीचं झाकण लावलं. प्रत्येक पुसण्यात काहीतरी बिघडायची थोडी शक्यता असते, आणि पाच फिके ठिपके संगणकात एका मिनिटात जातात. लेन्स लावली, कॅमेरा पिशवीत गेला, चहा झाला. दोघंही खूश.

सराफाच्या पेढीवर

मंगळवारी दुपारी फोन. “मामा, परत आलेत.”

बांगड्या, पाटल्या, तोडे ५० मिलिमीटरच्या लेन्सने काढले तोवर सगळं ठीक. नथ आणि बुगड्यांसाठी मॅक्रो लावली आणि पाच-सहा फोटोंनंतर पांढऱ्यावर ठिपके उगवले. एकदम डझनभर. त्याने शहाणपणा केला. तिथे काही साफ करायला गेला नाही, त्याच सेटिंगला कोऱ्या पांढऱ्या कागदाचा एक फोटो काढून ठेवला, म्हणजे कोणत्या जागा दुरुस्त करायच्या ते रात्री कळेल, आणि काम पुरं केलं. रात्री दोन तास बसून पुसले. एका फोटोत केलेली दुरुस्ती बाकीच्या फोटोंवर जशीच्या तशी उतरवता येते, पण दागिन्यावर ठिपका आला असेल तर तो हातानेच सोडवावा लागतो. सोन्याच्या घडणीत चुकीचा तुकडा भरला तर सराफाला लगेच कळतं.

पण त्या पेढीवरच आम्हाला खरं उत्तर मिळालं, आणि तेही अपघाताने. लेन्स बदलताना त्याने मागची टोपणं गल्ल्याशेजारी ठेवली होती. तिथे नोटा तपासायचा जांभळा दिवा चालू होता. काळ्या टोपणांच्या आतल्या खाचांत हिरवट-पिवळ्या उजेडाच्या कडा चमकताना त्याला दिसल्या. हळद अतिनील प्रकाशात अशी उजळते. त्याने आपली बोटं दिव्याखाली धरली, तीही. मग लेन्सचा मागचा धातूचा कडा. मग बॉडीचं टोपण. सगळीकडे सोमवती.

म्हणजे रविवारी आम्ही सेन्सर लख्ख केला आणि त्याच्यासमोर भंडाऱ्याने भरलेली लेन्स लावून ठेवली. घर झाडताना आधी जळमटं, मग माळा, शेवटी फरशी, हे ज्याला लहानपणी आजीने शिकवलं त्या मी, फरशीपासून सुरुवात केली होती.

दुसरा रविवार

नोटा तपासायची छोटी टॉर्च स्टेशनरीच्या दुकानात मिळाली. अंधारात, तिचा झोत डोळ्यात जाणार नाही असं धरून, आम्ही अख्खा संच पाहिला. सगळे कण चमकले नाहीत, काही पिवळी पूड तशीच निस्तेज राहिली. ती बहुधा हळद नसावी. पण नकाशा मिळाला.

सगळ्यात जास्त कुठे होतं? कॅमेऱ्याच्या पिशवीत. कप्प्यांच्या शिवणीत. त्याखालोखाल टोपणांत. मग किट झूमच्या नळीवर. ही लेन्स लांब-आखूड होते तेव्हा भात्यासारखी हवा आत ओढते आणि बाहेर टाकते, आणि बाहेर टाकते ती बरीचशी बॉडीत. जेजुरीत त्याने दिवसभर तीच वापरली होती.

म्हणून या वेळी क्रम उलटा. पिशवी रिकामी करून गच्चीवर झटकली, व्हॅक्यूम क्लीनरने शिवणी ओढून घेतल्या. टोपणं साबणाच्या पाण्यात टाकली, फेस चक्क तांबूस झाला. तोच कुंकवाचा न्याय. टोपणं रात्रभर सुकू दिली, कारण ओलं टोपण लावणं म्हणजे आत दमट हवा कोंडणं, आणि पावसाळ्यात बुरशीला एवढं आमंत्रण पुरतं. लेन्सचे मागचे धातूचे कडे कोरड्या मायक्रोफायबर कापडाने पुसले, संपर्काच्या सोनेरी टिकल्याही. झूमची नळी पूर्ण बाहेर काढून मऊ ब्रशने, आणि मगच आत ढकलली.

बॉडीच्या आतल्या काळ्या भिंतींवर पूड होती, ती पुसायचा मोह भाच्याला झाला. तिथे पुसायचं नाही. आरशाच्या यंत्रणेला वंगण असतं, स्वॅब तिथे घासला आणि पुढे काचेवर गेला की वंगण काचेवर. ब्लोअरच घेतला, तोंड खाली, आरसा खाली असताना एकदा आणि वर असताना एकदा. नंतर लेन्स लावून शटर पन्नासेक वेळा मारलं, म्हणजे यंत्रणेत अडकलेलं काही असेल तर ते सुटून पडावं. मग परत ब्लोअर. हे मारून पुन्हा झटकणं मी पहिल्या रविवारी केलं नव्हतं, आणि केलं असतं तर मंगळवारचे निम्मे ठिपके रविवारीच भेटले असते.

त्यानंतर चाचणी: १९. एक स्वॅब, दोन थेंब, एक ओढ जाताना, एक येताना. स्वॅब जवळपास पांढरा. चाचणी: ४.

पंधरा दिवसांत चार-पाचशे फोटो आणि निदान वीस वेळा लेन्स बदलून झाल्यावर त्याने पुन्हा चाचणी पाठवली: ६. ब्लोअरचे दहा दाब, परत ४. ते चार तसेच ठेवले आहेत.

हिशेब

दोन्ही रविवार मिळून चार स्वॅब लागले. ब्लोअर घरी होता. लिक्विड आणि स्वॅब असा संच आणि ती टॉर्च धरून खर्च सर्व्हिस सेंटरने सांगितलेल्या रकमेपेक्षा थोडाच कमी झाला. तेव्हा पैसे वाचतात म्हणून कोणी घरी करायला जाऊ नये, पहिल्या खेपेला तर नाहीच वाचत. वाचतात ते दिवस.

आणि मी कधी केलं नसतं तेही सांगतो. चाचणीत ठिपक्यांऐवजी बारीक फांद्या फुटलेली नक्षी दिसली असती, म्हणजे बुरशी, तर सरळ सेंटरला. रेघ दिसली असती तरी तेच, ती पुसून जात नाही. कॅमेरा वॉरंटीत असता तर हात लावण्याआधी माहितीपुस्तकातलं सफाईचं पान वाचलं असतं. ओली सफाई सेंटरमधूनच करून घ्या असं बहुतेक पुस्तकांत असतं, आणि घरी पाडलेल्या रेघेला वॉरंटी नसते. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत सेन्सर माउंटपासून हातभर आत नसतो, समोरच असतो, त्यामुळे काम सोपं वाटतं. पण त्यांतल्या अनेकांत थरथर टाळण्यासाठी सेन्सर हलता ठेवलेला असतो. दाब दिला की तो खाली सरकतो. तिथे हात आणखी हलका हवा, आणि कॅमेरा चालू ठेवायचा की बंद, हे त्या त्या मॉडेलच्या पुस्तकात पाहूनच ठरवायचं.

पुढच्या सोमवतीला तो जाणार आहेच. एकच लेन्स लावून, माउंटच्या सांध्यावर कागदी टेप, वर प्लास्टिकची पिशवी, आणि घरी येऊन आंघोळ झाल्याशिवाय काहीही उघडायचं नाही, असं ठरलं आहे. किट झूम घरी राहील.

सुटी टोपणं पिशवीत लोळतात, ती कशात तरी बंद ठेव, असं मी त्याला म्हटलं होतं. ताईने लगेच स्टीलचा एक छोटा डबा काढून दिला, घट्ट झाकणाचा, घासून चकचकीत केलेला. मी झाकण उघडून वास घेतला, मग दिवा बंद करून टॉर्च मारली. तळाच्या सांध्यात बारीक हिरवट-पिवळी कड चमकली. मिसळणाच्या डब्यातला होता तो, वीस वर्षं हळदीचा. डबा परत ओट्यावर गेला.